चिखलातली खारफुटी

सिंगापुरात बेडोकला राहणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालची जमीन मूळची कुठली, असा प्रश्न सहसा पडत नाही. सकाळी लिफ्टने खाली, एमआरटी, ऑफिस, रात्री हॉकर सेंटर, संपला दिवस! पण मंडळी, इथली जमीनच मुळी इकडची तिकडे झालेली आहे. १९६६ पासून ईस्ट कोस्टला समुद्रात भराव घालायला सुरुवात झाली, तेव्हा बेडोक आणि सिग्लॅपच्या टेकड्या कापून ती माती कन्व्हेयर बेल्टवरून किनाऱ्याला नेली. आज जिथे लोक संध्याकाळी फिरायला जातात तो बेडोकचा जलाशय म्हणजे एके काळची वाळूची खाण.

माझा धंदा पाया घालण्याचा. जमिनीला भोक पाडायचं, नमुने काढायचे आणि पाईल किती खोल न्यायची ते ठरवायचं. बेडोकखालची जुनी घट्ट वाळू-माती लागली की आम्ही खूश. तिला पूर्वी ओल्ड अल्युव्हियम म्हणत, आता बेडोक फॉर्मेशन असंच नाव दिलंय. त्याउलट नदीमुखांजवळचा मऊ मरीन क्ले म्हणजे डोकेदुखी. त्यातून काळा, कुजकट वासाचा, लाकडाचे तुकडे असलेला थर वर आला की विचारूच नका. आम्ही बोअरलॉगमध्ये 'पीट' असं लिहितो आणि पाईलची लांबी वाढवतो.

पण प्राचीन वनस्पतींचे अभ्यासक याच थरावर जीव टाकतात. तो आहे खारफुटीचा चिखल. आपल्या कोकणात खाडीकाठी तिवर आणि कांदळ असतात ना, तीच मंडळी. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून पानं-मुळं पुरती कुजत नाहीत. परागकणांचं बाहेरचं कवच तर इतकं चिवट, की प्रयोगशाळेत माती ॲसिडने विरघळवली तरी ते शाबूत राहतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली आकार आणि नक्षी बघून झाड ओळखायचं. खारफुटी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वाढते, त्यामुळे तिचा चिखल ज्या खोलीवर सापडला, साधारण तिथे त्या काळी समुद्राची पातळी होती. आणि केव्हा, ते कार्बन-१४ सांगतो.

हे वाटतं तितकं सोपं नाही हं! पराग वाऱ्याने आणि पाण्याने दुरून येतात. मुळं खालच्या जुन्या थरात घुसतात, त्यामुळे नुसत्या मुळाचं वय काढलं तर थर उगाच तरुण दिसतो. म्हणून सोबत कवचधारी सूक्ष्म जीवही तपासतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही कोकणातल्या जुन्या गाळातल्या परागकणांवर असंच काम झालेलं आहे.

बेडोकपासून फार दूर नसलेल्या मरीना साउथला इथल्या नानयांग विद्यापीठाच्या स्टीफन चुआ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४० मीटरपर्यंतचे नमुने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले. आजच्या समुद्रपातळीच्या २० मीटर खाली खारफुटीचा एक किनारा सापडला. तो जेमतेम ३०० वर्षं टिकला. समुद्र वर्षाला १० ते १५ मिलिमीटरपर्यंत चढत होता, म्हणजे दहा वर्षांत वीतभरही नाही. पण तेवढ्यानेच बहुधा ते जंगल बुडालं.

हा इतिहास बेडोककरांच्या दारापर्यंत येतो. २०२४ च्या सरकारी अभ्यासानुसार २१०० पर्यंत इथला समुद्र १.१५ मीटरपर्यंत वाढू शकतो. त्याला आवर घालायला ईस्ट कोस्टसमोर 'लाँग आयलंड' नावाचा सुमारे ८०० हेक्टरचा भराव घालायची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. खारफुटी लावून किनारा राखावा असंही बोललं जातं. लावावी जरूर, पण ती किती वेगाने चढणारं पाणी सोसू शकते, याचा पुरावा त्या काळ्या चिखलातच आहे.

आणि तो पुरावा आमच्याच हातातून जातो. एवढी खोल भोकं परागकणांसाठी कोण पाडणार? ती पडतात रेल्वेसाठी, इमारतींसाठी. काम संपलं की नमुन्यांच्या पेट्यांना जागा नसते, मग त्या बहुधा टाकून दिल्या जातात. एकदा उघड्यावर वाळलेलं, कुजलेलं पीट पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. टाकण्याआधी एखाद्या वनस्पतीवाल्याला फोन करायला किती खर्च येतो? माझ्या पुरतं मी ठरवलंय, लॉगमध्ये 'पीट' लिहिलं की फोन करायचाच.