हळदीच्या गावातला गुत्ता

वसमत म्हटले की हळद. हंगामात इथल्या मोंढ्यात पाऊल टाकावे, तर पोत्यांच्या थप्प्या, सौद्याची गडबड आणि हमालांच्या पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी! या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मोंढ्यात एका वयस्क गृहस्थांनी मुलाची ओळख करून दिली, "हा आमचा धाकटा. गुत्तेदार आहे." माझ्याबरोबरचे पुणेकर स्नेही दचकलेच! पुण्याकडे गुत्ता म्हणजे दारूचे दुकान. मराठवाड्यात गुत्ता म्हणजे मक्ता; मग तो रस्त्याचा असो की पुलाचा. मराठी शिकवणाऱ्याला अशा शब्दांचा नाद असतोच. दारूविक्रीचा मक्ता सरकार देई, म्हणून पुढे दुकानच गुत्ता झाले असावे, असा माझा तर्क.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत वसमत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा फार मोठा होता. शिंदीच्या झाडालासुद्धा कर! म्हणूनच १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या हैद्राबाद स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडू लागले. त्या मुक्तिलढ्यात याच तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय वसमतला आहे. झाडे तोडणारे सगळेच निर्व्यसनी होते, असे कोण म्हणेल? पण निजामाची तिजोरी कोठून भरते, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

पुढे राज्य आपले झाले. दारूबंदीसाठी सरकारने झटावे, असे घटनेच्या ४७ व्या कलमात लिहिले गेले. मुंबई राज्यात १९५० साली दारूबंदी आली. १९५६ मध्ये मराठवाडाही त्या राज्यात सामील झाला. आज गंमत अशी, की कायद्याचे नाव दारूबंदीचेच आहे आणि दारू विकण्याचे नि पिण्याचे परवाने त्याच कायद्याखाली मिळतात! गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्याच्या पुड्या मात्र रस्त्यात पायाखाली येतातच.

सरकारने लोकांना व्यसनापासून परावृत्त करावे काय? करावे, असेच मी म्हणेन. पिणारा स्वतःच्या पैशाने पितो, हा युक्तिवाद त्याच्या घरातल्या रिकाम्या डब्यांपुढे टिकत नाही. पण सरसकट बंदीवर माझा भरवसा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. शिवाय ज्याला दारूच्या महसुलावर संसार चालवायचा, त्याचा उपदेश लोक किती मनावर घेणार?

त्यापेक्षा मला मोलाचे वाटते ते बायकांचे मतदान. गावातले दुकान राहावे की जावे, हे मतपत्रिकेवरची उभी बाटली आणि आडवी बाटली ठरवते. मात्र दुकान बंद व्हायचे, तर झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत; यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी ऊसतोडीला परमुलखी गेली, जी त्या दिवशी हळद शिजवण्याच्या कढईपाशी अडकली, किंवा जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे मत दुकानाच्याच पारड्यात पडते. निदान हा नियम तरी बदलायला सरकारला तिजोरीतला एक पैसाही काढावा लागणार नाही.