वॉलरसच्या बाजूने

आज फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारा लूप लिहिताना पुन्हा पायथन भाषेतलं वॉलरस हे चिन्ह वापरलं. अपूर्णविराम आणि बरोबर, एवढंच. पण व्हेरिएबलला किंमत देणं आणि ती तपासणं एकाच ओळीत होतं. पूर्वी वाचनाची तीच ओळ लूपच्या आधी आणि आत अशी दोनदा लिहावी लागे, नाहीतर व्हाइल ट्रू लिहून मधूनच ब्रेक. या चिन्हावरून इतका वाद पेटला, की ते आणण्याचा प्रस्ताव मंजूर केल्यावर २०१८च्या जुलैत गिडो व्हान रॉसम यांनी पायथनचं नेतृत्वच सोडलं. पुढे निर्णय पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळाकडे गेले. २०१९मध्ये, ३.८ आवृत्तीत, चिन्ह आलं. व्हान रॉसम यांच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. विरोधकांचं एक मात्र पटतं: लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये वॉलरस कोंबला, की वाचणाऱ्याला धाप लागते. तिथे मी साधा फॉर लूपच लिहिते.