चार वाजताच्या अज्जी

ज्यांचं ऋण माझ्याच्याने फिटणार नाही अशा माणसांत आईवडिलांच्या पाठोपाठ मी बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका कानडी अज्जींचं नाव घेते. त्यांनी मला पैसे दिले नाहीत की नोकरी लावून दिली नाही. साखर सोडल्यावर पहिले काही आठवडे माणूस सैरभैर होतो, त्या दिवसांत त्या रोज माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी प्रवरेकाठची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास उभा केलेला सहकारी साखर कारखाना आमच्या सगळ्या पंचक्रोशीचा अन्नदाता. त्याच्या भोंग्यावर घरातली कामं चालायची. सभासदांची साखर पोत्याने घरी यायची, आणि आल्यागेल्याला कमी गोड चहा देणं म्हणजे त्याची किंमत न ठेवणं. त्या साखरेवर आमची शिक्षणं झाली, लग्नं झाली. तिला नावं ठेवायला माझी जीभ आजही उचलत नाही. पण वडिलांना मधुमेह झाला, पायाची जखम महिनोन् महिने भरली नाही, तेही मी पाहिलं होतं. बेंगळुरूला आल्यावर तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सरासरीचं माप, ६.२ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. कागद हातात घेतला आणि वडिलांचा पाय डोळ्यांपुढे आला. साखर बंद केली. बिनसाखरेची कॉफी घशाखाली उतरेल असं वाटेना, म्हणून कॉफीही बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळ ठणकू लागलं. डोळ्यांच्या मागे कोणीतरी दाबून धरल्यासारखं. हातपाय गळालेले, झोप येई पण लागत नसे. घरात मी कुणाशी धड बोलेना. दुपारी चार वाजले की मग तर जीव नुसता कासावीस व्हायचा. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा. घरचे म्हणत, मनाचे खेळ आहेत.

अज्जी समोरच्या दारात राहत. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभं आयुष्य काढलेल्या. माझा चेहरा पाहून आत आल्या, हात हातात घेतला, नाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "कसल्या गोळ्या चालू आहेत का?" त्या प्रश्नामागचं शहाणपण मला पुढे कळलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाला घाम फुटला, थरथर सुटली, तर ती साखर सोडल्याची तगमग समजून अंगावर काढायची नसते. रक्तातली साखर घसरलेली असू शकते, आणि तेव्हा लगेच गोड द्यावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं. वॉर्डात त्यांनी अशी माणसं पाहिली होती. माझ्या गोळ्या नाहीत हे कळल्यावर त्यांचा आवाज सैल झाला. "कॉफी बिडबेड, सक्करे बिडु." कॉफी सोडू नकोस, साखर सोड.

त्या घरी गेल्या आणि पितळी फिल्टरमधलं कॉफीचं डिकॉक्शन घेऊन आल्या. वाटीत लोटा पालथा घालून आणलेला, दुधाला नुकती उकळी आलेली, साखर नाही. पहिला घोट कडू लागला. दुसऱ्या घोटाला दूध जाणवलं. दुधाला स्वतःची गोडी असते हे इतक्या वर्षांत जिभेला कधी कळलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं. ती डोकेदुखी बहुतेक कॉफीची होती. कॅफिन एकदम तोडलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं चढतं; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसूचीत या त्रासाची रीतसर नोंद आहे. साखरेची तशी नोंद नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात मात्र बार्ट होबेल यांनी उंदरांना तासन् तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी दिलं. काही आठवड्यांनी मेंदूवरचा त्याचा परिणाम औषधाने अडवला, तर उंदरांचे दात वाजू लागले, पंजे कापू लागले. माणसाच्या बाबतीत शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण सवय मोडताना होणारी तडफड खोटी म्हणून कुणी झटकून टाकू नये. माझी अज्जींनी झटकली नाही, आणि मला आधी उभं केलं ते त्या विश्वासाने.

डोकेदुखी गेली तरी चार वाजता जीव जायचाच. मग चार वाजता अज्जी यायच्या. हातात कधी भिजवलेल्या मूगडाळीची, काकडी-खोबरं घातलेली, लिंबू पिळलेली कोसंबरी, कधी उकडलेल्या शेंगा. दिवस कार्तिकाचे. शेवटच्या सोमवारी आमच्या दोड्ड बसवण्णाच्या, मोठ्या नंदीच्या, देवळाशी कडलेकायी परिषे, म्हणजे भुईमुगाची जत्रा भरते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग लागतात. तिथे त्यांनी मला नेलं, पदरात मावतील तेवढ्या शेंगा घेतल्या आणि येताना बजावलं, "पोट रिकामं ठेवून हट्ट करू नकोस. भुकेल्या माणसाला गोडच आठवतं." इथल्या सांबारात गूळ असतो, तर माझ्यासाठी त्या आपल्या घरी बिनगुळाचं सांबार वेगळं काढून ठेवायच्या. जोडीला त्यांच्या वॉर्डातल्या गोष्टी. तास कसा सरायचा कळायचं नाही. लालसा एवढीतेवढीच असते, अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी जवळ असावं लागतं. निग्रहाचं कौतुक फार होतं, या सोबतीचं कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रोजची साखर असावी तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर ठेवा असं सांगितलं, म्हणजे पाच-सहा चमचे. आमच्या माहेरी तेवढी सकाळच्या चहातच संपायची.

संक्रांतीला बेंगळुरूत घरोघरी एळ्ळु-बेल्ला वाटतात: तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, डाळवं, आणि सोबत साच्यातली साखरेची पांढरीशुभ्र चित्रं. अज्जी ताट घेऊन आल्या तेव्हा मी मागे सरले. त्यांनी स्वतः चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. "सणाला नाही म्हणू नकोस. रोजचं सुटलं ना, मग झालं." तो गूळ इतका गोड लागला की दुसरी चिमूट मागावीशी वाटली नाही. जीभ बदलली होती.

पुढे मी त्यांना इरकल साडी नेली, ती त्यांनी परत केली. फार आग्रह केल्यावर म्हणाल्या, "उगादीला तुमची पुरणपोळी घाल." मी हौसेने केली, कटाची आमटी केली, आणि पुरणात सवयीने गूळ बेताचा घातला. अज्जींना मधुमेह नाही, गोडाची आवड दांडगी. एक घास खाऊन स्पष्ट म्हणाल्या, बेल्ला कमी पडलाय. तेव्हापासून दर उगादीला त्यांच्या पोळ्यांचं पुरण मी वेगळं शिजवते, डाळीच्या बरोबरीने गूळ घालून, आणि त्या गरम असतानाच समोरच्या घरी नेऊन देते.