मॉरिशसचा स्वेटर

थंडी सुरू झाली की ट्रंकेतून माझा निळा स्वेटर निघतो. १९८८ साली भाच्याने लंडनहून आणलेला. यंदा बाहीची शिवण उसवली, म्हणून हिने तो हाती घेतला आणि मानेजवळची चिठ्ठी वाचली.

"अहो, हा तर मॉरिशसचा! तिथं थंडी पडते?"

लोकर घालण्यासारखी थंडी आफ्रिकेच्या कडेच्या त्या बेटात पडत नाही. मेंढ्यांचे कळपही नाहीत. होता तो ऊस. तो तोडायला आपल्या कोकणातली माणसेही करारावर बोटीत बसली होती. १९६१ च्या सुमारास जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने बेटाची नाडी पाहून मान हलवली. माणसे फार, पीक एकच! (पुढे मीडना नोबेल मिळाले, पण हे निदान काही खरे ठरले नाही.)

१९७० साली तिथल्या सरकारने कायदा केला. परदेशी माणसाने कारखाना काढावा, कच्चा माल जकातीवाचून आणावा, तयार माल बाहेर पाठवावा. नफ्यावर काही वर्षे करमाफी. हाँगकाँगचे कारखानदार आले. निव्वळ करमाफीला भुलून आले, हे मला पटत नाही. करमाफी कोणीही देतो! हाँगकाँगच्या कापडचोपडाला पाश्चात्त्य बाजारात कोट्याचे कुलूप होते आणि मॉरिशसच्या मालाला युरोपात जकात नव्हती, हे खरे कारण. उसाचे मळेवालेही मोठे धूर्त. पाहुण्यांना पाट मांडून ते स्वतःही पंगतीला बसले. साखरेचा पैसा त्यांनी या धंद्यात घातला आणि निम्म्याच्या आसपास भांडवल घरचेच झाले.

यंत्रांवर बसल्या त्या मुख्यतः बायका. त्यांची किमान मजुरी प्रारंभी पुरुषांपेक्षा कमी ठेवलेली होती. पाहुण्यांना हीच सवलत सर्वांत गोड लागली असेल. ती सरकारने स्वतःच्या खिशातून थोडीच दिली होती!

२००५ च्या आरंभी कोटापद्धत संपली. त्या सुमारास हाँगकाँगच्या पुष्कळांनी गाशा गुंडाळला आणि हजारो बायकांचे काम गेले. घरच्या भांडवलाचे काही कारखाने मात्र तगले.

हे सारे मी हिला मोठ्या ऐटीत सांगितले.

"मग ती आता कुठं असेल हो?"

"कोण?"

"हा शिवणारी."

मी गप्प बसलो. हिने दोऱ्याला गाठ मारली आणि स्वेटर उलटा करून दिव्याखाली धरला.

"बाकीची शिवण अजून घट्ट आहे," ती म्हणाली.