कोऱ्या पानावरची सही

चौदा ऑगस्टच्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. पंचायतीचे शिपाई नाना रजिस्टर घेऊन दारात आले. "वहिनी, महिला ग्रामसभेची सही द्या." सभा कधी आहे विचारलं, तर म्हणाले, "झालीच म्हणायची." पानावर वर तारीख, खाली अकरा बायकांच्या सह्या, मधे सगळं कोरं. पिठाचा हात पदराला पुसला आणि मीही सही केली. तीन वर्षं करतच आले होते.

दुपारी लेकीला आणायला गेले. छत गळतं म्हणून अंगणवाडी मारुतीच्या देवळात ओसरीवर भरत होती. सेविकाताई पोरांची वजनं घेत होत्या. त्याआधी त्यांनी किलोभर तांदळाची पिशवी काट्याला टांगली. काटा सव्वा किलोवर. मग प्रत्येक पोराचं वजन पाव किलो कमी करून लिहीत होत्या. ज्या वजनावरून पोर कुपोषित आहे की नाही ते ठरतं, ते हे असं.

"नवा काटा मागा की."

"मागून थकले. पंचायतीनं गेल्या साली दहा टक्क्यांतून घेतला म्हणतात. माझ्यापर्यंत नाही आला."

कसले दहा टक्के, तेही मला तेव्हाच कळलं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभाही घ्यायची असते. म्हणजे काट्याचं जिथं विचारायचं, ती सभा मी सकाळीच चुलीपुढं उरकून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभेत उभी राहिले. सरपंचबाई खुर्चीत, बोलत होते त्यांचे मालक. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचलं, "अंगणवाडी साहित्य खरेदी."

"त्यात काटा आहे का?"

"ताई, महिला सभेत सगळं वाचून मंजूर झालंय. तुमचीही सही आहे."

खरंच होती. खाली बसले.

मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज दिला. तीस दिवसांची मुदत असते. सव्विसाव्या दिवशी बिलाची प्रत मिळाली. दोन वजनकाटे, चाळीस ताटं, दोन सतरंज्या. मला वाटलं, पैसे खाल्ले. तसं नव्हतं. सगळं पंचायतीच्या कपाटात होतं, खोकीसुद्धा फोडलेली नव्हती. पाहुण्यांच्या हस्ते वाटप करून फोटो काढायचा होता. पाहुण्यांना वर्षभर वेळ मिळाला नव्हता. चोरी असती तर भांडता तरी आलं असतं.

काटे आठवड्यात अंगणवाडीत पोचले. छताचं मात्र अजून "प्रस्ताव पाठवलाय" एवढंच.

पंचवीस जानेवारीला नाना पुन्हा रजिस्टर घेऊन आळीत आले. शेजारच्या दोन्ही घरांत सह्या घेतल्या आणि माझ्या दारावरून मान खाली घालून पुढं गेले. तेव्हा जावेला सोबत घेऊन मीच पंचायतीत गेले. कुलूप होतं. आम्ही दोघी पायरीवर बसलो.