सहा माणसे, पाच वांगी

परवा सकाळी दोडकी चिरायला घेतली होती. सोलून निघालेल्या शिरा मी नेहमीप्रमाणे एका ताटलीत बाजूला ठेवीत होते. शेजारी उभी असलेली माझी नात म्हणाली, "आजी, हा कचरा वेगळा कशाला ठेवलास?" मी तिला म्हटले, "बाळ, हा कचरा नव्हे, ही उद्याची चटणी आहे." तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच शिरा थोड्याशा तेलावर कुरकुरीत परतून, तीळ, सुक्या मिरच्या, लसूण व मूठभर शेंगदाणे घालून जाडसर कुटल्या आणि तिच्या भाकरीवर वाढल्या, तेव्हा तिने दोनदा मागून घेतल्या. मला कौतुक वाटले. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, आईची आठवण येऊन मन उदासही झाले. ते का, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

कोल्हापूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तांबडा-पांढरा रस्सा उभा राहतो. पाहुण्यांना वाटते, येथे घरोघरी रोज मटणच शिजत असावे. आमच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत ते महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी शिजे. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचे व्रत आमच्या घरात सहज पाळले जाई, कारण सोमवार ते गुरुवारही ते आपोआपच घडत असे! वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे घालण्याचे काम करीत. घरात आजी, आई, वडील आणि आम्ही तीन भावंडे अशी सहा माणसे होतो. मिळकत एकाची, आणि तीही ठरावीक.

रविवारी मिस्सा आटोपली की आई घरी येऊन कामे उरकी आणि दुपार कलल्यावर लक्ष्मीपुरीच्या बाजाराला निघे. सकाळी ती कधीच जात नसे. बाजार उठायच्या वेळी भाजीवाल्या बायका उरलेल्या मालाचे वाटे लावून स्वस्तात देत, हे तिला ठाऊक होते. थोडी सुकलेली मेथी, पाल्यासकट मुळे, डाग पडलेली वांगी, पाने पिवळी पडू लागलेला फ्लॉवर असा सगळा ऐवज पिशवीत घालून ती परत येई आणि ओसरीवर पसरून निवडायला बसे. तिच्या निवडण्यात टाकण्यासारखे जवळजवळ काहीच नसे. मुळ्याची कोशिंबीर आणि पाल्याची पीठ पेरून भाजी. फ्लॉवरचे तुरे एका दिवशी, त्याचे कोवळे दांडे हरभऱ्याच्या डाळीबरोबर दुसऱ्या दिवशी. दुधीच्या सालींची चटणी, लाल भोपळ्याच्या बिया वाळवून भाजलेल्या. कोथिंबिरीची पाने वरून घालायला आणि देठ वाटणाला. कलिंगडाचा हिरवा भाग सोलून आतल्या पांढऱ्या गराचीसुद्धा ती भाजी करी.

या पदार्थांत एक शहाणपण दडलेले होते, ते मला पुढे कळले. पीठ पेरणे हे त्याचे उत्तम उदाहरण. पालेभाजी शिजताना सुटलेले पाणी बेसन शोषून घेते, फुगते आणि मूठभर पाल्याची कढईभर भाजी होते. पाण्यात उतरलेला कस वाया जात नाही. शिवाय डाळीच्या पिठामुळे नुसत्या पाल्याने न भागणारी भूक भागते. झुणका, पाटवडीचा रस्सा, शेंगोळ्या, हुलग्याचे माडगे या साऱ्यांमागे हाच विचार आहे. थोडक्या ऐवजात सर्वांची पोटे भरावीत आणि जिभेलाही काही मिळावे. त्यासाठी आमच्या कोल्हापूरच्या कांदा-लसूण चटणीचा एक चमचा पुरे होई.

१९७२ च्या दुष्काळाच्या वेळी मी अकरा वर्षांची होते. रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे. तिच्या पिठाला चिकटपणा नसे. भाकरी थापताना कडा फाटत. आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, मळमळ मळून कशीबशी भाकरी जमवी. त्या भाकरीबरोबर ताटात पडे ती चिगळ, तांदुळजा नाहीतर पाथरी. ओढ्याकाठची आणि शेताच्या बांधावरची ही रानभाजी आजी ओटीत भरून आणी. त्या दिवसांतही आम्ही भावंडे उपाशी झोपल्याचे मला आठवत नाही. आमच्या घरी कधी काही कमी पडले नाही, असे मी पुढे कितीतरी वर्षे अभिमानाने सांगत असे.

मात्र या अभिमानाला तडा गेला, तो एका वांग्याने.

महिन्यातून एखाद्या वेळी आई भरली वांगी करी. शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि चटणी भरून, देठ न काढता शिजवलेली लहान काटेरी वांगी. त्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. ती नेहमी पाच वांगी घेई. वडिलांना एक, आजीला एक, आम्हा तिघांना एकेक. आई आमची ताटे वाढून चुलीपाशी बसे. "तू जेव की," असे आजी म्हणाली, तर कोल्हापूरच्या बायकांच्या बोलीप्रमाणे ती उत्तर देई, "मी मागनं जेवतो. मला रस्साच आवडतो." मग सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर ती पातेल्याला लागलेला मसाला भाकरीने पुसून खाई आणि वर कपभर काळा चहा पिई. आम्हांला ते खरेच वाटे. आईला रस्सा आवडतो, आईला देठ आवडतात, आईला करपलेली भाकरी आवडते. मुलांना आईच्या आवडीनिवडी अशाच कळतात.

१९७९ साली मी महाविद्यालयात असताना आई एके दिवशी धुणे धुता धुता चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेले. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. हे काही आजचे नव्हे, अनेक वर्षांचे दुखणे आहे. मी चकित झाले. ज्या घरात आठवड्यातून चार दिवस पालेभाजी शिजत होती, त्या घरातल्या स्वयंपाकिणीला पंडुरोग! डॉक्टरांनी विचारले, "रोज काय जेवता?" आईने उत्तर दिले नाही. ती नुसती हसली.

त्या दवाखान्यातल्या खाटेवर मी तिला विचारले, "आई, घरी गेल्यावर काय खावेसे वाटते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग एखादी चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "एक अख्खं वांगं."

सहा माणसे आणि पाच वांगी. इतक्या वर्षांत हे साधे गणित घरातल्या कोणालाच कसे सुटले नाही? मी तर शाळेत गणितात पहिली येत असे!

आज या आजाराविषयी पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. पालेभाजीत लोह असते, परंतु मांसातल्या लोहाइतके ते शरीराला सहज घेता येत नाही. तिच्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा आवळा असला तर ते अधिक मिळते; उलट जेवणाच्या पाठीवर लगेच चहा घेतला तर कमी मिळते. म्हणजे आई उरलेसुरले खाऊन वर भूक मारायला जो चहा घेत होती, तो उरल्यासुरल्यातले सत्त्वही हिरावून नेत होता. आणि ही केवळ माझ्या आईची कहाणी नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यामागे कारणे अनेक आहेत. पण त्यांतले एक कारण आपल्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी मागाहून बसत आले आहे.

काटकसरीचे अन्न हा काही आपलाच वारसा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये १९४० साली अन्नाचे रेशनिंग सुरू झाले, ते १९५४ पर्यंत चालले. त्या वेळच्या अन्नमंत्र्यांच्या, लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने बटाटे, गाजर, फ्लॉवर अशा साध्या भाज्यांचा एक पदार्थ देशभर केला जाई. त्याविषयी वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. तेथे रेशनचे पुस्तक प्रत्येक माणसाच्या नावाचे असे. घरातल्या आईचेही वेगळे पुस्तक, तिचाही वेगळा वाटा. त्या आयांनीही आपला वाटा मुलांच्या ताटात सरकवला असेल, यात शंका नाही. पण निदान कागदावर तरी तिला मोजलेले होते. आमच्या घरच्या हिशेबात तिची मोजदादच नव्हती.

माझ्या लग्नात एका मैत्रिणीने मला कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' भेट दिले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने किती नवख्या सुनांना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला! पाककृतींच्या पुस्तकांत पदार्थ चार माणसांना पुरेल असे लिहिलेले असते, तेव्हा रांधणारी त्या चारांत धरलेली असते. हे वाक्य कोणाला क्षुल्लक वाटेल. मला मात्र ते फार मोलाचे वाटते.

असे असूनही, सवय ही मोठी चिवट गोष्ट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, कित्येक दिवस वाहतूक बंद पडली. शहरात भाजी येईना, दुधाची ओढाताण सुरू झाली. आमच्या घरात पाणी शिरले नव्हते. पण पूरग्रस्त भागातले माझे दीर-जाऊ मुलांसह आमच्याकडे आले होते. सुनेने भाजीची टोपली दाखवली. तिच्यात चार कांदे आणि अर्धा कोबी. मी फळीवरचा डबा काढला. चैत्राच्या उन्हात गच्चीवर घातलेले सांडगे त्यात होते. मटकी, हरभरा आणि मुगाची डाळ भिजवून, मिरची-कोथिंबीर घालून जाडसर वाटलेली, कडकडीत वाळवलेली ती वर्षाची पुंजी. त्यांची आमटी केली. कोबीचा बुंधादेखील किसून डाळीत घातला. माझ्या या जुन्या विद्येचे त्या दिवसांत घरात सर्वांना अप्रूप वाटले.

दुसऱ्या रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर मी पातेल्यात पाहिले. तळाशी थोडा रस्सा होता, सांडगा एकही नव्हता. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "तुम्ही जेवा, मला रस्साच आवडतो."

शब्द उच्चारले आणि मीच दचकले. तो आवाज माझा नव्हता.

माझी सून काही बोलली नाही. उठली, स्वयंपाकघरातून आणखी एक ताट घेऊन आली आणि आपल्या ताटातले निम्मे सांडगे त्यात घालू लागली. ते पाहून जाऊबाईंनी दोन घातले, दिराने एक घातला, मुलानेही एक घातला. पाहता पाहता माझे ताट सर्वांच्या ताटांपेक्षा भरले. मग सून म्हणाली, "आई, उद्यापासून आधी ताटे मांडायची, मग आमटी वाटायची. जितकी माणसे तितकी ताटे." तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला आहे.

त्या रात्री मला शुभवर्तमानातला भाकरींच्या चमत्काराचा प्रसंग आठवला. प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काहीही फुकट जाऊ नये म्हणून. आणि बारा टोपल्या भरल्या. काटकसरीचा हा धडा आईने आम्हांला कितीदा तरी सांगितला होता. पण त्या प्रसंगाचा क्रम माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. आधी सगळे गवतावर बसले, सगळ्यांना हवे तेवढे मिळाले, सगळे तृप्त झाले, आणि त्यानंतर तुकडे गोळा केले गेले. तुकड्यांवर कोणाचे जेवण भागवले नव्हते. आमच्या घरात आम्ही हा क्रम उलटा केला होता, आणि त्याला आईची आवड असे गोंडस नाव दिले होते.

म्हणून जुने पदार्थ सोडून द्यावेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट ते टिकावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. भाज्यांचे भाव भडकले असताना देठ, साली, पाला टाकून देणे हा करंटेपणाच होय. दोडक्याच्या शिरांची चटणी नातीला मी शिकवणार आहे, सांडगे घालायलाही शिकवणार आहे. पण त्या पदार्थांबरोबर चुलीपाशी मागाहून बसण्याची रीत मात्र तिच्याकडे जाऊ द्यायची नाही. काटकसर भाजीची करावी. माणसाची करू नये.

गेल्या रविवारी बाजारात छान काटेरी वांगी दिसली. भाजीवाली म्हणाली, "किती देऊ ताई?" मी मनाशी घरातली माणसे मोजू लागले. मुलगा, सून, नात, हे... आणि क्षणभर थांबले.

"पाच द्या," मी म्हटले. आम्ही पाचच माणसे आहोत, मला धरून.