वहीत कोण लिहिणार? बचत बँक आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधलं फंक्शन



आजचा लेख संगणकाच्या एका भाषेबद्दल आहे, पण सुरुवात माझ्या चौथीच्या वर्गातून करते. कारण ही भाषा मला थोडीफार समजली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

आमच्या वर्गात बचत बँक चालते. दर शनिवारी मुलं पाच-दहा रुपये आणतात, स्टीलच्या डब्यात टाकतात आणि शंभर पानी वहीत आपल्या नावापुढे लिहितात. डबा आणि वही सांभाळायला वर्गातलाच एक मुलगा रोखपाल नेमला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी मी हिशोब केला. वहीत १२४० रुपये, डब्यात ११८०. ६० रुपये कमी!

मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला विचारलं, "साठ रुपये कुठे गेले रे?" तो म्हणाला, "मॅडम, मी नाही घेतले." मी 'घेतलेस' असं म्हटलंच नव्हतं. पण माझ्या आवाजात ते होतं, आणि ते त्यालाही कळलं आणि वर्गालाही. पुढचे दोन दिवस तो मान खाली घालून बसला. मग सुट्टी लागली.

दिवाळीत माहेरी गेले, तर बहिणीचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "काय करतोस रे?" विचारलं तर म्हणाला, "मावशी, सॉलिडिटी शिकतोय. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा." मला काही कळेना. मग तोच म्हणाला, "थांब, तुझी बचत बँकच लिहून दाखवतो."

आता त्याने सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. माझ्यासारख्या डी.एड. झालेल्या बाईला समजलं, म्हणजे तुम्हालाही नक्की समजेल.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय?

इथेरियम नावाचं एक जाळं २०१५ साली सुरू झालं. जगभरातल्या हजारो संगणकांवर त्याची एकच सामाईक वही असते. या वहीवर नुसत्या नोंदीच नाही, तर छोटे प्रोग्रॅमही ठेवता येतात. अशा प्रोग्रॅमला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ते लिहिण्यासाठी सॉलिडिटी भाषेची कल्पना गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये मांडली. एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रोग्रॅम एकदा वहीवर चढला की त्यातली ओळ खोडून दुसरी लिहिता येत नाही. म्हणून आधीच नीट विचार करावा लागतो.

फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं काम

कॉन्ट्रॅक्टमधलं प्रत्येक काम म्हणजे एक फंक्शन. त्याला नाव असतं, आत काय द्यायचं ते ठरलेलं असतं, आत कोणती कृती होणार ते लिहिलेलं असतं आणि काही उत्तर मिळणार असेल तर तेही सांगितलेलं असतं. गणितात आपण 'संख्या-यंत्र' शिकवतो ना, एका बाजूने ४ टाकले की दुसऱ्या बाजूने ८ येतात, तसंच. भाच्याने आमच्या बँकेसाठी तीन फंक्शन लिहिली: जमा, शिल्लक आणि काढणे. (प्रत्यक्षात ही नावं इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात.)

शिल्लक: हे फक्त वाचतं, वहीत काही बदलत नाही. अशा फंक्शनवर 'व्ह्यू' असा शब्द लिहितात. वहीत बदल करणाऱ्या कामाला गॅस नावाची फी पडते. बाहेरून नुसती शिल्लक विचारली तर ती पडत नाही. जे फंक्शन वही वाचतही नाही आणि बदलतही नाही, फक्त दिलेल्या संख्यांची बेरीज वगैरे करतं, त्यावर 'प्युअर' लिहितात.

जमा: यावर 'पेएबल' लिहावं लागतं, म्हणजे हे फंक्शन पैसे स्वीकारू शकतं. हा शब्द नसेल आणि कोणी सोबत पैसे पाठवले, तर कॉन्ट्रॅक्ट ते घेतच नाही, सगळा व्यवहार परत फिरतो. तिथले पैसे म्हणजे इथर.

मी विचारलं, "किती जमा केले ते मूल सांगणार ना?"

तो म्हणाला, "नाही मावशी. सांगायचं काही नाहीच. कोणी पाठवले आणि किती आले, ते कॉन्ट्रॅक्टला व्यवहारातूनच कळतं. जेवढे आले तेवढेच लिहिले जातात."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे का ते कळेल.

काढणे: यात आधी अट असते, 'रिक्वायर'. शिल्लक पुरेशी आहे का? नसेल तर तिथेच थांबायचं, आणि तोपर्यंत केलेले सगळे बदलही मागे घ्यायचे, जणू काही झालंच नाही. फक्त तोवर वापरलेला गॅस परत मिळत नाही. अट पूर्ण झाली तर आधी वहीतून रक्कम वजा करायची आणि मगच पैसे द्यायचे. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते २०१६ मध्ये दिसलं. 'द डाओ' नावाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे आधी दिले जात होते आणि वजाबाकी नंतर होत होती. वजाबाकी होण्याआधीच एकाने पुन्हा पुन्हा तेच फंक्शन बोलावलं आणि सुमारे ३६ लाख इथर बाहेर काढले.

हे काम कोणी करायचं?

प्रत्येक फंक्शनसमोर आणखी एक शब्द लिहावाच लागतो. 'पब्लिक' म्हणजे कोणीही बोलावू शकतं, आतून किंवा बाहेरून. 'एक्स्टर्नल' म्हणजे बाहेरून बोलावण्यासाठी. 'इंटर्नल' म्हणजे फक्त आतून आणि त्या कॉन्ट्रॅक्टचा वारसा घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधून. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त त्याच कॉन्ट्रॅक्टमधून. पण प्रायव्हेट म्हणजे गुप्त नव्हे हं! वही सगळ्यांकडे असते, तेव्हा वाचणारा वाचू शकतोच.

शिवाय फंक्शनच्या दारावर पहारेकरीही बसवता येतो. त्याला 'मॉडिफायर' म्हणतात. उदाहरणार्थ, 'मालकानेच हे काम करावं' अशी अट एकदा लिहायची आणि हव्या त्या फंक्शनला लावायची.

हे सांगून झाल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, तुझ्या वहीत कोण लिहितं?"

"ज्याचे पैसे तो. रोखपाल लक्ष ठेवतो."

"रोखपाल पाणी प्यायला गेला तर?"

"वही टेबलावरच असते."

"म्हणजे पब्लिक फंक्शन, आणि दारावर कोणीच नाही," तो हसत म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही.

मग त्याने २०१७ ची गोष्ट सांगितली. पॅरिटी नावाच्या कंपनीने अनेकांनी मिळून वापरायचं पैशांचं पाकीट बनवलं होतं. पाकिटाचे मालक कोण, हे सुरुवातीला एकदाच ठरवणारं एक फंक्शन त्यात होतं. त्यापुढे कोणी बोलवायचं ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा सॉलिडिटीत काही लिहिलं नाही तर ते आपोआप पब्लिक धरलं जाई. 'हे आधी एकदा झालंय का' अशी अटही नव्हती. जुलैमध्ये कोणीतरी ते पुन्हा बोलावून स्वतःला मालक केलं आणि दीड लाखाहून जास्त इथर नेले. त्यानंतर दुरुस्त केलेला नवा कोड आला, पण नोव्हेंबरमध्ये आणखी एकाने सगळ्या पाकिटांच्या मागे असलेल्या सामाईक कॉन्ट्रॅक्टचंच मालकपण घेतलं आणि ते नष्ट करून टाकलं. ५ लाखांहून जास्त इथर अडकून पडले. ते कोणालाच मिळाले नाहीत. २०१८ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून सॉलिडिटीने नियमच केला: प्रत्येक फंक्शनसमोर कोणी बोलवायचं ते लिहा, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होणार नाही.

परत माझ्या वर्गात

सुट्टी संपल्यावर मी वही घरी आणली आणि एकेक नोंद पाहिली. मग मुलांना जवळ बसवून, न रागावता, विचारलं, "पैसे नंतर आणतो म्हणून कोणी आधीच लिहून ठेवलंय का?"

आधी एक हात वर आला. मग दुसरा. मग तिसरा. तिघांनीही २०-२० रुपये लिहिले होते. एकाची आई 'उद्या देते' म्हणाली होती, एकाने घरी विसरले होते, एकीने वाटेत चिंचा घेतल्या होत्या. चोरी झालीच नव्हती. ते ६० रुपये डब्यात कधी आलेच नव्हते.

माझ्या वहीत पैसे न येताही 'जमा' लिहिता येत होतं. दोष मी लावलेल्या पद्धतीत होता, आणि जाब मी नऊ वर्षांच्या मुलाला विचारला होता.

दुसऱ्या दिवशी ज्या वर्गासमोर विचारलं होतं, त्याच वर्गासमोर त्याची माफी मागितली. "तुझी चूक नव्हती. माझी होती," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, मला आता रोखपाल नको." मी आग्रह केला नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये अट चुकली की सगळं आपोआप पूर्वीसारखं होतं. मुलाच्या मनात तसं होत नाही. आपण फक्त माफी मागू शकतो आणि वाट पाहू शकतो.

मग मुलांशी बोलून फळ्यावर नवे नियम लिहिले. पैसे डब्यात पडल्यावरच नोंद होईल. नोंद रोखपालच करेल, आणि तो नसेल तर वही बंद. नोंद झाली की ज्याचे पैसे तो आणि रोखपाल, दोघं मोठ्याने रक्कम वाचतील. आपली शिल्लक कोणीही, कधीही पाहू शकेल. रोखपाल दर महिन्याला बदलेल.

शिक्षक मित्रांनो, वर्गातलं कोणतंही काम मुलांकडे देताना (वाचनालय असो, खेळाचं साहित्य असो की पोषण आहाराच्या ताटांची मोजणी) हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारा: हे काम कोणी करायचं? आत काय यायला हवं? आधी काय तपासायचं? चुकलं तर मागे कसं यायचं? पालकहो, घरातही हे चालतं. आणि एक सांगून ठेवते, हा लेख आभासी चलनात पैसे गुंतवा असं सांगण्यासाठी अजिबात नाही.

त्या मुलाने नंतर महिनाभर बचत आणली नाही. गेल्या शनिवारी पाच रुपये घेऊन आला. नव्या रोखपालासमोर डब्यात टाकले, रक्कम मोठ्याने वाचली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण वाचा."

मी वाचली.

तुमच्या वर्गात असं काही घडलंय का? नक्की कळवा.